रविवारची भिंत

"त्या भिंतीला हात लावाल, तर चॅपेल तुमच्या डोक्यावर येईल. मग म्हणू नका, सांगितलं नव्हतं!"

ओळंबाबाईनं गुरुवारी सकाळी सेमिनरीच्या कचेरीत टेबलावर थापी आपटून सांगितलं. थापीचा चुना प्राचार्यांच्या फायलींवर उडाला. प्राचार्यांनी तो बोटानं झटकला आणि शेजारी बसलेल्या ठरावसरांकडे पाहिलं. ठरावसर हसले. ते हसणं तिच्या डोक्यात जायचं, कारण ते त्यांच्या बापाचं होतं, जसंच्या तसं उचललेलं.

"बाई, ठराव आहे," ते म्हणाले. "सेशनचा. पन्नास वर्षं अंमलबजावणी राहून गेलीय, एवढंच."

झालं! ठराव आहे म्हटल्यावर देवानंही गप्प बसावं, अशी त्यांची समजूत.

आता ही ओळंबाबाई कोण, तर पाळक घडवणाऱ्या या सेमिनरीची गवंडीण. ओळंबा म्हणजे दोरीला लावलेलं वजन. भिंत सरळ आहे की नाही ते दाखवणारं. तिच्या कमरेला तो कायम लटकलेला असायचा आणि वाकडं दिसलं की तिच्यानं बोलल्याशिवाय राहवायचं नाही, म्हणून हे नाव पडलं. वय अठ्ठावन्न. तीस वर्षं तिनं या आवारातलं एकूण एक छत गळतीतून वाचवलेलं. पण सेमिनरीला सव्वाशे वर्षं पूर्ण व्हायला आली, सोहळा ठरला, आणि इमारती मूळ रूपात आणायचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला गेलं. घर की मुर्गी म्हणतात तसं, घरच्या गवंडिणीला विचारतो कोण!

तिला या इमारती त्यांच्या दुखण्यांवरून ठाऊक होत्या. सगळ्यात जुनी ती लांबट विटांची. वर्ग तिथेच, झोपणं तिथेच, आणि खिडक्या एवढ्या उंच की शिकणाऱ्याला बाहेरचं जग दिसू नये. तिला ओल. मग वसतिगृह. ते बांधताना आतून जिना करायचाच विसरले, म्हणून बाहेरून लोखंडी जिना चिकटवला, त्याला गंज. मग ग्रंथालय. त्याचा पाया एका कोपऱ्यात बसला, तेव्हापासून दार फरशीला घासतं. आणि शेवटी चॅपेल, दगडी, मधोमध मोठ्या कमानीचं. ते तिच्या बाबांनी बांधलं होतं, आणि त्याला काही म्हणजे काही दुखणं नव्हतं.

ठरावसरांना याच इमारती ठरावांवरून ठाऊक होत्या. हे गृहस्थ सेमिनरीत इतिहास शिकवायचे आणि सेशनचे चिटणीसही तेच. प्रेस्बिटेरियन मंडळीत बिशप वगैरे कुणी नसतो. निवडून दिलेले वडीलजन बसतात, वाद घालतात, हात वर करतात, आणि ठरेल ते वहीत लिहितात. या बैठकीला म्हणायचं सेशन. वहीत लिहिलं ते घडलं; लिहिलं नाही ते घडलंच नाही. सव्वाशे वर्षांच्या असल्या वह्या उपसून सरांनी सेमिनरीचा इतिहास लिहिला होता, पाचशे प्रती छापूनही आल्या होत्या. लिहिता लिहिता त्यांना अंमलात न आलेले अकरा ठराव सापडले, आणि सोहळ्याच्या आत ते सगळे पुरे करायचे असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यातला सातवा ठराव त्या भिंतीचा.

भिंत होती कुरूप, हे ओळंबाबाईसुद्धा नाकारत नव्हती. चॅपेलच्या उत्तरेला, बाहेरच्या बाजूनं, कमानीच्या खांबाला टेकून उभी. ओबडधोबड दगड, सांधे वेडेवाकडे, खाली रुंद नि वर निमुळती. बाकीचं चॅपेल घडीव, आणि हे ठिगळ. पण ती का उभी होती ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा ती आठ वर्षांची होती.

वडीलजनांना उद्घाटनाची घाई झाली होती, म्हणून कमानीखालचा लाकडी साचा त्यांनी शनिवारी काढायला लावला. बाबा म्हणत होते, आणखी पंधरा दिवस थांबा. ऐकतंय कोण! रविवारी पहाटे वादळ झालं, माती भिजली, आणि उपासनेला आलेल्या बाबांना दिसलं की उत्तरेचा खांब अंगठाभर बाहेर कललाय. कमान नुसती खाली दाबत नाही, ती खांबांना बाजूलाही ढकलते. खांब हलला की संपलं. बाबांनी उपासनेचा कोट काढून आईच्या हातात दिला, दोन बिगारी हाताशी घेतले, आणि अंधार पडेपर्यंत हाताला लागेल तो दगड रचून खांबाला बाहेरून धीर दिला. ओळंबाबाई दिवसभर पाणी आणत होती. वडीलजन वसतिगृहात बसून प्रार्थना करत होते.

कमान वाचली. बुधवारी सेशननं बाबांना बोलावून घेतलं. आरोप काय, तर शब्बाथ मोडला. रविवारी काम केलं!

बाबा म्हणाले, "गरजेचं आणि दयेचं काम रविवारी चालतं, असं तुम्हीच शिकवलंत."

त्यावर तेव्हाचे चिटणीस, म्हणजे ठरावसरांचे वडील, हसून म्हणाले, "बैल खड्ड्यात पडला तर काढावा. दगडाला जीव नसतो, मिस्त्री."

त्या काळी प्रभुभोजनाच्या, म्हणजे मेजाशी मिळून भाकर नि द्राक्षरस घ्यायच्या विधीच्या, आधी मंडळीतल्या प्रत्येकाला शिशाचं एक छोटं टोकन मिळायचं. टोकन असेल तरच मेजाशी बसायचं. बाबांचं एकतीस नंबरचं टोकन त्या दिवशी काढून घेतलं, पश्चात्ताप दाखवीपर्यंत. वर ठराव केला, की ही पापाची भिंत पाडावी आणि दुसऱ्या गवंड्यानं कामाच्या दिवशी नवी बांधावी. दुसरे तीन गवंडी आले, भिंत बघितली, बाबांकडे बघितलं, आणि हात जोडून निघून गेले. ठराव वहीत राहिला, भिंत जागेवर राहिली.

आणि बाबा? बाबांना पश्चात्ताप काही झाला नाही. "येत नाही तर काय ओकू?" असं ते म्हणायचे. पुढे टोकनांची पद्धत बंद पडली, तरी बंदी वहीत तशीच. चार प्राचार्य झाले, चौघांचे उंबरे ओळंबाबाईनं झिजवले. चौघांनीही तेच सांगितलं, "एकदा चुकलो म्हणू द्या त्यांना, संपलं." बाबा म्हणत नव्हते. पण दर प्रभुभोजनाच्या रविवारी ते दाढी करायचे, धुतलेला सदरा घालायचे, आणि घरातल्याच लाकडी खुर्चीवर तासभर ताठ बसून राहायचे, हात मांडीवर ठेवून. पन्नास वर्षं! लेकीनं ते बघत केस पांढरे केले. आता बाबा चौऱ्याऐंशीचे होते, पाय गेले होते, आणि तिची देवाकडे दुसरी कसलीही मागणी नव्हती. डोळे मिटायच्या आत त्यांना एकदा त्या मेजाशी बसलेलं बघायचं होतं.

सरांच्या पुस्तकात त्या रविवारबद्दल लिहिलं होतं, "वडीलजनांच्या प्रार्थनेनं कमान तरली." बाबांचं नाव पुस्तकात नव्हतंच. एकतीस नंबरचं टोकन मात्र काचेच्या कपाटात मांडलं होतं, खाली चिठ्ठी: जुन्या काळची एक वस्तू.

तिनं ती चिठ्ठी वाचली, आणि गुरुवारी कचेरीत थापी का आपटली ते आता सांगायला नको. पण शुक्रवारी कंत्राटदाराची माणसं आली आणि शनिवारी दुपारपर्यंत भिंत सपाट.

रविवारी सकाळी आठ वाजता दार वाजलं. उघडलं तर प्राचार्य आणि त्यांच्या मागे ठरावसर. प्राचार्यांच्या कोटाची बटणं वरखाली लागलेली.

"या, या," ओळंबाबाई दारातच उभी राहून म्हणाली. "अडला हरी... पुढचं म्हणत नाही, गाढव मीच ठरायची."

"बाई, थट्टा नको. कमानीला भेग पडलीय. बोट जातंय आत."

"कंत्राटदाराला बोलवा की."

"तो म्हणतो, माझं काम पाडायचं होतं, सावरायचं नाही. नंतर फोनच उचलत नाही. तुम्ही लगेच चला."

"आज?" तिनं गालावर बोट ठेवलं. "अगंबाई! आज तर रविवार."

प्राचार्य वरमले. ठरावसर खाकरले. "गरजेचं काम चालतं," ते हळूच म्हणाले.

ओळंबाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चालतं? चालतं काय हो? माझ्या बापानं हेच सांगितलं तेव्हा तुमच्या बापानं काय उत्तर दिलं? बैल, म्हणे! दगडाला जीव नसतो, म्हणे! मग पडू दे ना दगड. जीव नाही त्याला, दुखणार थोडंच आहे! जा, आधी सेशन भरवा. वहीत लिहून आणा की माझ्या बाबांची काही चूक नव्हती. सही, शिक्का, सगळं. मग उचलते थापी. तोवर मी या उंबऱ्यावरून हलायची नाही."

तिला वाटलं, आता जमलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा यांचं घोडं तिच्या दारात अडलं होतं. प्राचार्यांनी मान हलवलीही होती. तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला.

"भेग कुठं आहे? माथ्याला की खांद्याला?"

"माथ्याला, मिस्त्री," प्राचार्य दारातूनच ओरडले. "खालून उघडलीय."

"म्हणजे खांब सुटलाय. बये, तिथं उभी काय राहिलीस?"

"बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका. हे लिहून देणार आहेत."

"कमान पडतेय आणि तू कागद मागतेस?" बाबा खाटेवर कोपरावर उठून बसले होते. पन्नास वर्षांत ते लेकीवर असे ओरडले नव्हते. "मी तेव्हा त्यांना विचारलं नव्हतं. तू आज का विचारतेस? खुर्ची आण माझी!"

तिला रडू आलं, रागाचं. हातातोंडाशी आलेला घास बापानंच काढून घेतला होता. मनातल्या मनात तिनं प्राचार्यांना, सरांना, बाबांना आणि त्या कमानीला एकाच दमात शिव्या घातल्या, आणि खुर्ची आणली.

उपासनेसाठी आलेले वडीलजन आवारात घोळका करून उभे होते. सातच्या सात. त्यांच्यातल्या चौघांनी मिस्त्रींना खुर्चीसकट उचललं, तीच दर प्रभुभोजनाच्या रविवारची खुर्ची, आणि चॅपेलच्या उत्तरेला पाडलेल्या दगडांसमोर आणून ठेवली. बाबांनी वर बघितलं. मग खाली बघितलं. मग त्यांनी ठरावसरांना विचारलं, "पाडताना कुणी वर बघितलं होतं का रे?"

"आत कुणी पाऊल टाकायचं नाही. आधी बाहेरून टेकू," बाबा म्हणाले. "लांब तुळया कुठं मिळतील?"

सोहळ्यासाठी व्यासपीठ बांधून तयार होतं. ओळंबाबाईनं दहा मिनिटांत त्याचा सांगाडा केला. काय मजा आली म्हणता तिला! प्राचार्यांचं भाषण जिथून व्हायचं, नेमक्या त्या फळ्या तिनं आधी उपटल्या. तुळया तिरप्या करून खांबाला लावायच्या, पायाशी जमिनीत रोवायच्या, आणि पाचरी ठोकून ताणायच्या. बाबा खुर्चीवरून बोट दाखवायचे, ती ओरडायची, आणि वडीलजन ओढायचे. "सर, ती तुळई आहे, पुस्तक नाही, दोन्ही हातांनी धरा!" "प्राचार्य, ढकला. ढकला म्हणते ना! आशीर्वाद काय देताय तिला!" सातातली एक वडील तर पंचाहत्तरीची शाळामास्तरीण होती, ती बिचारी पदरात पाचरी घेऊन धावत होती.

दुपारी दोनला शेवटची पाचर बसली. ओळंबाबाईनं ओळंबा सोडून खांब बघितला, पुन्हा अर्ध्या तासानं बघितला. दोरी हलली नव्हती. खांब जिथल्या तिथं थांबला होता.

सगळे मटकन खाली बसले. कुणाचा कोट फाटला होता, कुणाच्या हातात फोड. प्राचार्य उठून बाबांसमोर आले.

"मिस्त्री, आज तुम्ही देवाचं काम केलंत. येत्या प्रभुभोजनाला तुम्ही मेजाशी यायचं. मी स्वतः न्यायला येतो."

ओळंबाबाई पुढे सरकली. हेच, हेच तर हवं होतं. हो म्हणा बाबा, नुसतं हो म्हणा!

"आणि पन्नास वर्षांपूर्वी मी कुणाचं काम केलं होतं?" बाबांनी विचारलं.

"तो काळ वेगळा होता."

"कमान तीच. वार तोच. मीही तोच," बाबा म्हणाले. "तेव्हा पाप होतं तर आजही पापच. आज ज्यांनी ज्यांनी तुळईला हात लावला त्या सगळ्यांना बुधवारी सेशनसमोर उभं करा. तुम्ही, हे चिटणीस, सातही वडीलजन. सगळ्यांना मेजावरून उठवा माझ्यासारखं. आणि आज पाप नसेल, तर तेव्हाही नव्हतं. काय ते एक लिहा."

प्राचार्यांनी स्वतःच्या चुन्यानं माखलेल्या तळहातांकडे बघितलं. शाळामास्तरीणबाईंनी पदरातली उरलेली पाचर हळूच जमिनीवर ठेवली.

बुधवारी सेशन भरलं आणि चांगलं दोन तास पेटलं. ओळंबाबाई दाराबाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होती; दार जाड होतं, पण चौकट तिनंच बसवली होती, फट कुठं आहे ते तिला ठाऊक. एक वडील म्हणाले, जुनं उकरू नये. दुसरे म्हणाले, मिस्त्रींना मोठ्या मनानं क्षमा करावी. तेव्हा मात्र तिच्यानं राहवलं नाही. तिनं दार ढकललं.

"क्षमा नको. बाबांनी निरोप दिलाय. क्षमा पापाला असते म्हणे, भिंतीला नाही."

"बाई, तुम्हाला इथं बोलायचा अधिकार नाही," ठरावसर म्हणाले.

"नसू दे. तुमच्या हातातले फोड दाखवा सगळ्यांना, मी गप्प बसते."

सरांनी हात टेबलाखाली घेतले. त्यांच्यासमोर दोन वह्या उघड्या होत्या. एक नवी, आणि एक पन्नास वर्षांपूर्वीची, तिच्यात त्यांच्या वडिलांचं वळणदार अक्षर. त्या अक्षरावर त्यांनी तळहात ठेवला. या माणसानं आयुष्यभर बापाची प्रत्येक ओळ खरी मानली होती, त्याच ओळीवर विसंबून भिंत पाडली होती, आणि रविवारपासून त्याला झोप नव्हती. मग त्यांनी पेन उघडलं आणि स्वतःच ठराव मांडला, की मिस्त्रींवरची बंदी ही सेशनची चूक होती. क्षमा हा शब्द त्यात नव्हता. पाच हात वर झाले. मग सहावा, सातवा. शेवटचा हात सरांचाच होता.

संध्याकाळी ते वही घेऊन घरी आले. सेशनची वही आवाराबाहेर जात नसते; त्या दिवशी गेली. त्यांनी वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "पुन्हा वाच." त्यांनी पुन्हा वाचलं. मग खिशातून एकतीस नंबरचं टोकन काढून बाबांच्या तळहातावर ठेवलं. बाबांनी ते अंगठ्यानं चोळलं आणि मूठ मिटली.

ओळंबाबाईचा राग गेला म्हणता? छे. पन्नास वर्षांचा राग काय एका ठरावानं जातो!

"आणि पुस्तक?" तिनं विचारलं. "प्रार्थनेनं तरलेली कमान?"

"त्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवणार आहे. पाचशे प्रतींवर."

"मी येते चिकटवायला. तुमच्यावर माझा भरवसा नाही."

आणि ती खरोखरच गेली. दोन दिवस ग्रंथालयात समोरासमोर बसून दोघांनी पाचशे चिठ्ठ्या डकवल्या, चहाच्या वेळीसुद्धा एकमेकांशी अक्षर न बोलता.

सोहळा महिनाभर पुढे गेला. भिंत पुन्हा बांधायला तिनं घेतली, त्याच दगडांनी, त्याच जागी, तशीच खाली रुंद नि वर निमुळती. घडीव करा, सुंदर करा, असं कुणीही म्हणालं नाही. प्रभुभोजनाचा रविवार आला तेव्हा ती छातीपर्यंत आली होती.

बाबांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. प्राचार्य न्यायला आले, कबूल केल्याप्रमाणे. पण चॅपेलच्या दाराशी खुर्ची वळवायच्या आत बाबा म्हणाले, "आधी भिंतीकडं."

सगळे थांबले. घंटा वाजत होती, लोक आत जात होते, वडीलजन दाराशी उभे होते. बाबांनी भिंतीवरून हात फिरवला, जोडणीत बोट घालून बघितलं. वरच्या थरातला एक दगड शनिवारी संध्याकाळी नुसता टेकवून ठेवला होता. बाबांनी तो हलवला. तो डुगडुगला.

"हा नीट बसला नाही."

"उद्या बसवते, बाबा," ओळंबाबाई म्हणाली. "आज रविवार आहे."

बाबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं, आणि ते हसले. मग त्यांनी मुठीतलं टोकन प्राचार्यांच्या हातात दिलं, "धरा जरा, दोन्ही हात लागतील," आणि सगळ्या वडीलजनांच्या देखत तो दगड उचलून, फिरवून, त्याची सपाट बाजू खाली करून बसवला. ठरावसरांनी खाली वाकून दगडाची एक चपटी चीप उचलली आणि न विचारता त्याच्याखाली सरकवली. ओळंबाबाईनं कमरेचा ओळंबा सोडला. दोरी स्थिर होईपर्यंत घंटा थांबली होती, आणि आत कुणीही सुरुवात केली नव्हती.

"सरळ आहे," ती म्हणाली.

"मग चला," बाबा म्हणाले, आणि आपलं टोकन परत मागून घेतलं.